कवचावरून कूळ

उन्हाळा उतरणीला लागला की गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या आसपासच्या गावांत छपरांवर माणसं दिसू लागतात. पावसाआधी कवेलू फेरायचे असतात. फुटका काढायचा, माकडांनी सरकवलेला जागेवर आणायचा आणि प्रत्येक वरच्या कवेलूचं टोक खालच्याच्या डोक्यावर येतंय ना ते बघायचं. तिथे चुकलं की मृगाचं पाणी थेट चुलीवर. आता असाच एखादा कवेलू रानात एकटा पडलेला सापडला, ना घर ना भिंती, आणि कोणी विचारलं, हा कोणाच्या घराचा, तर? कवेलू आहे एवढं छातीठोक सांगता येईल. घर कोणाचं, इथे मात्र जीभ अडखळेल. एटोसॉर नावाच्या प्राण्यांचे अभ्यासक १८४४ पासून याच जागी अडखळत आले आहेत.

एटोसॉर म्हणजे ट्रायासिक काळाच्या उत्तरार्धातले, साधारण २३ ते २० कोटी वर्षांपूर्वीचे, अंगभर हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत वागवणारे चौपायी सरपटणारे प्राणी. सगळ्यात लहान मीटरभराचे, मोठे चार-पाच मीटरचे. अंगाच्या मानाने डोकं लहान, पुष्कळांचं नाकाड पुढे फावड्यासारखं, म्हणजे माती उकरून खाणाऱ्याचं. बहुतेकांचा चारा वनस्पतींचा, काहींच्या तोंडी किडेही लागत असावेत. चित्रात बघितलं की कोणीही डायनासोर म्हणून मोकळा होतो, पण ते डायनासोर नव्हेत; मगरीकडे जाणाऱ्या फांदीवरचे. ट्रायासिक संपता संपता सगळे गेले, मागे वंश ठेवला नाही. आपल्या जंगलातलं खवल्या मांजर इथे आठवतं, पण त्याचे खवले नखाच्या द्रव्याचे. कालांतराने त्यांचा मागमूस राहत नाही. एटोसॉरच्या पट्ट्या मगरीच्या पाठीतल्या पट्ट्यांसारख्या खऱ्या हाडाच्या होत्या, म्हणून त्या टिकल्या. आणि बहुतेकदा त्याच टिकल्या, ही सगळी अडचण.

खुद्द एटापल्लीच्या मातीत एटोसॉर शोधू नये. सुरजागडच्या डोंगरातला लोहखडक ट्रायासिकपेक्षा कित्येक पटींनी जुना. तो घडला तेव्हा हाड नावाची वस्तूच जगात नव्हती. आलापल्लीवरून दक्षिणेला सिरोंच्याकडे निघालं, प्राणहितेच्या काठाला लागलं, की जमिनीचं वय बदलतं. सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरून ज्युरासिक काळातल्या एका खडकस्तराला नाव पडलं आहे. तिथल्या चुनखडकातल्या माशाचं नाव लेपिडोटेस डेक्कनेन्सिस, साइक्सने १८५१ मध्ये दिलेलं. वडधमचं जीवाश्म उद्यान याच तालुक्यातलं. नदी ओलांडून तेलंगणात, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात गेलं की कोटाच्या खालचे, म्हणजे आणखी जुने थर उघडे पडतात: येरापल्ली, भीमारम, मलेरी, धर्माराम. शेवटचे दोन आपल्या कामाचे. तांबड्या चिकणमातीचे खडक, पावसाने धुपून पसरट झालेली रानं, आणि त्यात कुठे कुठे उघडं पडलेलं हाड. मधे नदी आणि राज्याची हद्द असली तरी खोरं एकच आहे, आणि शास्त्रज्ञ त्याला प्राणहिता-गोदावरी खोरं म्हणूनच ओळखतात. या सगळ्या खडकांना जे गोंडवाना नाव मिळालं ते इथल्याच गोंडांच्या मुलखावरून. पुढे एका अख्ख्या प्राचीन महाखंडाचं तेच नाव झालं. माडिया गोंडाच्या दारातून निघालेलं नाव दक्षिण अमेरिकेतल्या पोराला भूगोलात पाठ करावं लागतं, याची मला दरवेळी गंमत वाटते.

एटोसॉरची कथा सुरू होते स्कॉटलंडात, एल्गिन गावाजवळ. तिथल्या वालुकाश्मात खळगेदार खवल्यांचे ठसे मिळाले. लुई आगासी हा माशांच्या जीवाश्मांचा त्या काळचा सर्वांत मोठा जाणकार. त्याने १८४४ मध्ये त्यांना स्टॅगोनोलेपिस रॉबर्टसोनी असं नाव दिलं आणि मासा ठरवून टाकलं. त्याचाही फार दोष नव्हता: तो खडक माशांच्या युगातला, डेव्होनियन, असा समज होता आणि खवले तर समोर होते. थॉमस हक्सलीने १८५० च्या दशकाअखेर दाखवलं, की हा मासा नव्हे, मगरीच्या जातकुळीतला प्राणी आहे. झालं, खडकाचं वयच वादात सापडलं. डेव्होनियनमध्ये असला प्राणी कुठून येणार? त्याच एल्गिनच्या दगडातून आणखी एक जनावर निघालं, चोचीसारख्या जबड्याचं हायपरोडापेडॉन. हक्सलीने १८५९ मध्ये त्याला गॉर्डन नावाच्या तिथल्या पाद्र्याचं नाव दिलं.

आता दुसरा पाद्री. स्टीफन हिस्लॉप, तोही स्कॉटिश, पण नागपूरला राहणारा. हिस्लॉप कॉलेजमुळे विदर्भात नाव अजून तोंडी आहे. धर्मप्रचार, शाळा आणि गोंडांच्या भाषा-चालीरीतींची टिपणं यांतून वेळ काढून त्याने मध्य भारतातले जीवाश्म गोळा केले. चंद्रपूरकडच्या मांगलीची बेडकाच्या नात्यातली ब्रॅकिऑप्स ही कवटी त्याच्या आणि त्याचा सहकारी हंटर याच्या हातून इंग्लंडला पोचली, रिचर्ड ओवेनने तिचं वर्णन केलं. मलेरीच्या मातीतले फुफ्फुसमाशाचे दात ओल्डहॅमने १८५९ मध्ये हिस्लॉपच्याच नावाने नोंदले. मलेरीतल्या हाडांत हायपरोडापेडॉन होतं हे हक्सलीने १८६९ मध्ये सांगितलं, आणि त्या एका प्राण्याने एल्गिन आणि मलेरी यांची गाठ मारली. दोन्ही ट्रायासिक. त्या काळी सगळे भूखंड एकाला एक लागून होते हे कोणाला ठाऊक नव्हतं. तरी नागपूर आणि एल्गिनच्या पाद्र्यांच्या पेट्यांतून एकच जनावर निघत होतं.

मलेरीच्याच काही तुकड्यांना हक्सलीने १८७० मध्ये पॅरासुकस म्हटलं. मग १८७५ मध्ये मगरींची तीन गटांत मांडणी करताना त्याने सर्वांत जुन्या गटाला पॅरासुकिया हे नाव दिलं आणि त्यात स्टॅगोनोलेपिस घातला. सोबतीला बेलोडॉन, म्हणजे लांब थोबाडाचे, पाण्यात दबा धरणारे फायटोसॉर. एटोसॉरांचं वर्गीकरण असं पॅरासुकियाच्या नावाखाली झालं, आणि ते चुकीचं होतं! फायटोसॉर आणि एटोसॉर दोघांनाही कवच आहे, दोघेही मगरीच्या वळणाचे दिसतात, पण एक मासे-जनावरं धरणारा आणि दुसरा मुळं उकरणारा. कवच सारखं म्हणजे कूळ सारखं, ही चूक तेव्हा झाली आणि नंतर वेगवेगळ्या रूपांत होतच राहिली.

पॅरासुकसचं पुढे काय झालं ते इथेच सांगतो, कारण नाव आणि नमुना यांचं नातं किती नाजूक असतं ते त्यात दिसतं. लायडेकरने १८८५ मध्ये पॅरासुकस हिस्लॉपी असं पूर्ण नाव दिलं, पण ज्या तुकड्यांवर दिलं त्यांत कवटीचा एक भाग हायपरोडापेडॉनचा होता. उरलेला थोबाडाचा तुकडा इतका सामान्य, की त्यावरून कोणताच प्राणी ठरवता येत नव्हता. पुढे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांना याच खोऱ्यात फायटोसॉरचे जवळजवळ संपूर्ण सांगाडे मिळाले. शंकर चटर्जी यांनी २००१ मध्ये अर्ज केला, की जुना तुकडा बाजूला ठेवून नवा सांगाडा या नावाचा आधार मानावा. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००३ मध्ये ते मान्य केलं. सातबाऱ्यावर चुकीचा गट नंबर चढावा आणि दुरुस्तीला सव्वाशे वर्षं लागावीत, तशातला प्रकार.

मूळ वाटेवर येऊ. स्टुटगार्टजवळ एक दगड सापडला, त्यात दोन डझनांच्या आसपास लहान प्राणी एकमेकांवर पडलेले, कवचासकट. ऑस्कर फ्रासने १८७७ मध्ये त्यांना एटोसॉरस फेराटस म्हटलं. एटोस म्हणजे गरुड. कवटी त्याला पक्ष्यासारखी वाटली. फेराटस म्हणजे लोखंडाने मढलेला, हे सुरजागडच्या शेजारी बसून वाचताना जरा वेगळंच लागतं. अख्खं कवच जागच्या जागी असं फार थोड्या वेळा मिळालं आहे. गटाला एटोसॉरिया हे नाव मार्शने १८८४ मध्ये दिलं. अमेरिकेत मात्र सुटे तुकडेच जास्त. कोपने १८७५ मध्ये टायपोथोरॅक्स नोंदला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं तिथे एटोसॉरची पट्टी फायटोसॉरच्या खात्यावर आणि फायटोसॉरचं हाड एटोसॉरच्या खात्यावर जमा होत राहिलं.

हा पसारा आवरला दोन कामांनी. एक, ॲलिक वॉकरचा १९६१ मधला प्रबंध. एल्गिनच्या दगडात हाडं विरून नुसते पोकळ साचे उरतात. त्यांत ओतीव घेऊन, एकेक हाड जुळवून वॉकरने स्टॅगोनोलेपिस उभा केला. एटोसॉर दिसतो कसा हे जगाला खऱ्या अर्थाने तेव्हा कळलं. या वॉकरचं नाव आपल्या खोऱ्यातही आहे: मलेरीतल्या एका छोट्या डायनासोरला चटर्जींनी १९८७ मध्ये वॉकेरिया म्हटलं, पण ते नाव एका समुद्री जीवाला आधीच दिलेलं निघालं, म्हणून १९९४ मध्ये त्याचं आल्वॉकेरिया झालं. दुसरं काम लाँग आणि बॅल्यू यांचं, १९८५ मधलं. त्यांनी अमेरिकेतल्या सुट्या पट्ट्या समोर मांडल्या आणि सांगितलं, की नीट बघायला शिकलात तर एका पट्टीवरून प्रजाती ओळखता येते.

नीट बघायचं म्हणजे काय? एक पट्टी हातात घेतल्यासारखी बघू. कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक अशा दोन मधल्या रांगा, त्यांच्या बाहेरून कडेच्या दोन रांगा. शिवाय पोटाच्या, पायांच्या वेगळ्या. मधली पट्टी लांबीपेक्षा रुंद, काहींत दुप्पट तर काहींत तिप्पट किंवा त्याहून जास्त. पुढच्या काठाला एक गुळगुळीत पट्टा. तिथे पुढच्या पट्टीची मागची कड येऊन बसते, कवेलूसारखीच, डोक्याकडून शेपटीकडे उतरत. हा गुळगुळीत भाग बहुतेकांत जरा उंच असतो, डेस्माटोसुकस नावाच्या मोठ्या एटोसॉरच्या घराण्यात उलट खोल गेलेला. मागे पट्टीचा मुख्य पृष्ठभाग: कुणाचा अस्ताव्यस्त खळग्यांचा, जसा पावसाच्या पहिल्या थेंबांनी टिपलेला फुफाटा, तर कुणाचा एका बिंदूपासून चाकाच्या अऱ्यांसारख्या फाकलेल्या चरांचा. त्या बिंदूशी उंचवटा. तो मध्यावर आहे की मागच्या कडेला टेकतो, आतल्या बाजूला झुकतो की नाही, टेकडीसारखा की शिंगासारखा, हे सगळं टिपायचं. कडेच्या पट्ट्यांवर डेस्माटोसुकसला खांद्यापाशी बैलाच्या शिंगांएवढे काटे. एटोसॉरसला काटे मुळीच नाहीत.

ही शिकवणूक कामाची निघाली, पण तिने लोभही लावला. मुठीएवढ्या तुकड्यावर नवी नावं निघू लागली. एकाच प्राण्याच्या मानेची, पाठीची आणि शेपटीची पट्टी एकमेकींशी जुळत नाही; लहानपणची आणि थोरपणची जुळत नाही. दोन माणसांनी दोन जागच्या पट्ट्यांवरून एकाच जनावराला दोन नावं द्यायला इतकं पुरेसं आहे.

मग प्रश्न आला व्याख्येचा. ‘हाडाच्या पट्ट्यांच्या चार रांगा असलेला’ अशी लक्षणांची व्याख्या केली, तर एखादं लक्षण नसलेला पण नात्यातला प्राणी बाहेर पडतो आणि लक्षण उसनं घेतलेला परका आत येतो. म्हणून आताची व्याख्या नात्यावर बेतलेली असते. हे समजायला गडचिरोलीच्या माणसाला पुस्तक नको. गोंडांत कुळं चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी गटांत बसतात, आणि सोयरीक कुठे जुळते हे त्यावर ठरतं. कोण कुठल्या गटातला हे त्याच्या नाकाडोळ्यांवरून कोणी ठरवत नाही. जन्म कुठल्या कुळात एवढंच बघतात. विल्यम पार्कर यांनी २००७ मध्ये एटोसॉरियाची व्याख्या याच धाटणीने केली: एटोसॉरस आणि डेस्माटोसुकस यांच्याशी ज्याचं नातं मगरीपेक्षा, फायटोसॉरपेक्षा आणि नाव घेऊन सांगितलेल्या आणखी काही प्राण्यांपेक्षा जवळचं, तो एटोसॉर. चिलखत कसं का असेना.

त्या वगळलेल्यांत रेव्हुएल्टोसॉरस हे एक नाव आहे. न्यू मेक्सिकोतल्या नुसत्या दातांवरून १९८९ मध्ये त्याला वनस्पतीभक्षक डायनासोर ठरवलं होतं. ॲरिझोनाच्या अश्मीभूत जंगलात सांगाडे मिळाले आणि २००५ मध्ये कळलं, की हा मगरीच्या बाजूचा प्राणी, एटोसॉरचा जवळचा भाऊबंद, आणि अंगावर पट्ट्याही आहेत. लक्षणांनी मोजायला गेलो तर आत घ्यावा लागेल. पार्करनी त्याला उंबरठ्याबाहेर ठेवलं. मला हे पटतं, कारण एटोसॉर या शब्दाने दीडशे वर्षं लोकांच्या डोळ्यासमोर जे जनावर येतं ते त्याने शाबूत राहतं. पण ही सोय आहे, निसर्गाने आखलेली रेघ नव्हे, हे विसरायचं नाही. व्याख्येची आणखी एक गोम: स्टॅगोनोलेपिडिडी आणि एटोसॉरिया ही दोन नावं पूर्वी एकाच अर्थाने चालायची. अर्जेंटिनाचा एटोसॉरॉइडेस एटोसॉर आहे, पण काही वंशवृक्षांत तो स्टॅगोनोलेपिडिडीच्या बाहेर पडतो. वाडा आणि त्यातली खोली, असं आता दोन्ही नावांचं नातं आहे.

आतल्या खोल्यांची वाटणी अजून ठरलेली नाही. पार्कर यांच्याच २०१६ च्या कामात २७ प्राणी आणि ८३ लक्षणं होती, त्यांतली चाळीसहून जास्त नवी, आणि मुद्दाम कवटीकडे व आतल्या सांगाड्याकडे लक्ष देणारी. निकाल दोन मोठ्या शाखांचा: एकीकडे डेस्माटोसुकसवाले, दुसरीकडे एटोसॉरसवाले, आणि या दुसऱ्या शाखेत रुंद अंगाचे टायपोथोरॅक्सवाले. पण त्या कामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट दुसरी. कवटी एक नातं सांगते आणि बाकीचं अंग दुसरं, हे त्यात आकड्यांनी दाखवलं. शरीराच्या भागांनी आपापल्या गतीने रूप बदललं. काटे, उंचवटे, रुंदी या गोष्टी वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे उगवल्या. टेक्सासचा गार्झापेल्टा २०२४ मध्ये नोंदला गेला तेव्हा त्याचं सुमारे ७० टक्के कवच हाताशी होतं, तरी पंचाईत झालीच: मधल्या पट्ट्या एका घराण्याच्या वळणाच्या आणि कडेच्या दुसऱ्याच. त्यातली एकच रांग सापडली असती तर? जुन्या संग्रहांतल्या किती नावांचं तसं झालं असेल, याचा विचार केला की सुट्या पट्टीवरच्या नावाकडे मी जरा सावधच बघतो. पट्टी एटोसॉर आहे की नाही हे चोख सांगते. त्याच्या भावकीबद्दलची तिची साक्ष कच्ची आहे.

हे सगळं पंडितांपुरतं राहिलं असतं, पण खडकांचं वय या नावांवर टांगलेलं आहे. ल्युकस आणि हंट यांनी १९९३ मध्ये ट्रायासिकच्या उत्तरार्धाचे प्राण्यांवरून चार कालखंड पाडले, आणि त्यांतल्या खुणा म्हणून एटोसॉर वापरले: स्टॅगोनोलेपिस सापडला की अमुक काळ, टायपोथोरॅक्स सापडला की तमुक. कल्पना सुटसुटीत. मग अर्जेंटिनाचा एटोसॉरॉइडेस म्हणजे स्टॅगोनोलेपिसच, असं काहींनी ठरवलं आणि तिथला इस्चिगुआलास्तोचा खडक, एल्गिन आणि ॲरिझोना एका काळात बसले. देसोहो आणि एस्कुर्रा यांनी २०११ मध्ये दोन्ही प्राणी वेगळे असल्याचं दाखवलं. इस्चिगुआलास्तोच्या तळाशी असलेल्या ज्वालामुखीच्या राखेचं वय २३ कोटी १० लाख वर्षांच्या आसपास येतं. ॲरिझोनाचे ते थर त्याहून काही दशलक्ष वर्षांनी तरुण. नाव चुकलं, घड्याळ चुकलं.

प्राणहितेच्या खोऱ्यात ही गोष्ट जास्तच बोचते, कारण मलेरी आणि धर्माराम यांच्या वयाचा अंदाज मुख्यतः प्राण्यांवरूनच बांधावा लागतो. ते काम पन्नासच्या दशकाअखेर प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या संस्थेने हातात घेतलं. संख्याशास्त्राची संस्था हाडं खणायला गेली हे अनेकांना खोटं वाटतं, पण मलेरीच्या एका सस्तनसदृश प्राण्याचं नावच एक्झेरेटोडॉन स्टॅटिस्टिकी आहे, संस्थेच्या मानार्थ. लंडनहून आलेल्या पामेला रॉबिन्सन यांच्यासोबत जैन, कुट्टी, रॉयचौधुरी, चटर्जी ही मंडळी तयार झाली. कोटा स्तरातून बारापासॉरस टागोरी निघाला तो याच काळात, आणि त्याचा अवाढव्य सांगाडा संस्थेत उभा राहिला. अशा सोबत्यांपुढे एटोसॉरच्या तळहाताएवढ्या पट्ट्यांकडे कोण बघणार? कुट्टी आणि सेनगुप्ता यांनी १९८९ मध्ये थरांची आणि त्यांतल्या प्राण्यांची नवी जुळणी केली, तेव्हा एटोसॉर यादीत होते. पण अमक्यासारखा, तमक्यासारखा अशा ओळखीने, सरकारी कागदावर ‘व इतर’ लिहितात तसे.

रीतसर नाव मिळालं २०२३ मध्ये. हलदर, संघमित्रा राय आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी धर्माराम स्तराच्या खालच्या भागातल्या एटोसॉरला वेंकटासुकस आर्मेटम म्हटलं आणि त्याला टायपोथोरॅक्सच्या शाखेत बसवलं. आर्मेटम म्हणजे शस्त्रसज्ज. भूखंड जोडलेले असताना टेक्सास आणि तेलंगण यांच्यामध्ये समुद्र नव्हता, तेव्हा अमेरिकेत गाजलेल्या घराण्याची एक पाती इथे निघावी यात नवल नाही. हे वर्गीकरण टिकेल का? नाव टिकेल असं मला वाटतं. शाखेबद्दल मी थांबेन, कारण निवाडा बराचसा कवचाच्या साक्षीवर झाला आहे, आणि ती साक्ष टेक्सासच्या गार्झापेल्टाच्या वेळी फिरली. जबडा, कवटीचा मागचा भाग, मांडीचं हाड असं काहीतरी त्याच प्राण्याचं, त्याच जागी मिळायला हवं.

‘त्याच जागी’ हे शब्द मुद्दाम लिहिले. पाऊस उघडला की या तांबड्या रानांत नवे तुकडे वर येतात, आणि खळगे पडलेला चपटा दगड गुराख्याच्याही नजरेला भरतो. तो उचलून घरी आणला की एटोसॉर सापडला एवढंच सिद्ध होतं. पट्टी मानेची होती की शेपटीची, डावीकडची की उजवीकडची, तिच्या गुळगुळीत पट्ट्यावर कुठली दुसरी पट्टी बसलेली होती, हे फक्त मातीला माहीत असतं. म्हणून खणणारे आधी ब्रशने कडा मोकळ्या करतात, फोटो काढतात, चौकटी आखून प्रत्येक पट्टीला क्रमांक देतात, आणि मग सगळ्यावर प्लास्टरचं आवरण चढवून मातीच्या ढेकळासकट उचलतात.